पेक्षा, इतका आणि बघू

जबलपूरच्या मराठी माणसाला तुलना करायला शिकवावं लागत नाही. आमचं गाव नागपूरपेक्षा थंड, पुण्यापेक्षा स्वस्त, इंदूरपेक्षा सुस्त आणि भोपाळपेक्षा… भोपाळचं नाव निघालं की वाक्य अर्धं राहतं आणि १९५६ साल सुरू होतं. राज्य पुनर्रचना आयोगानं नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूरचं नाव सुचवलं होतं. राजधानी गेली भोपाळला, आमच्या वाट्याला हायकोर्ट आलं. तेव्हापासून नेपियर टाउनातल्या व्हरांड्यांत हा खटला रोज संध्याकाळी चहाबरोबर बोर्डावर येतो आणि पुढच्या तारखेला ढकलला जातो. हायकोर्ट गावातच असल्याचा एवढा फायदा आम्ही करून घेतला आहे.

भविष्यकाळाचंही तेच. दमोह नाक्यापासून मदनमहालपर्यंतचा उड्डाणपूल आम्ही इतकी वर्षं भविष्यकाळात वापरला, की २०२५ मध्ये तो खरोखर खुला झाला तेव्हा पुष्कळांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. आता गप्पांत घालायला नवा पूल शोधणं आलं. घरोघरी बेत ठरलेले असतात: पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला फ्लॅट बघणार, येत्या कोजागिरीला भेडाघाटला चांदण्यात नावेतून जाणार. आमच्या काकांचा बंगला तर 'पुढच्या वर्षी बिल्डरला देणार' या एका वाक्याच्या आधारावर उभा आहे. आजूबाजूच्या बंगल्यांची नर्सिंग होम झाली, कोचिंग क्लास झाले, हा मात्र तसाच.

तेव्हा तुलना आणि उद्याचे बेत एवढ्या दोन भांडवलावर एखादी परकी भाषा शिकायची असेल, तर तो मान नेपियर टाउनकडेच यायला हवा होता. तो आला. भाषा निघाली स्पॅनिश.

ती घरात आली लग्नाच्या वाटेनं. माझी चुलत बहीण, म्हणजे काकांची थोरली लेक, नोकरीसाठी स्पेनला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून एब्रो नदीकाठच्या झारागोझा शहरात राहिली. काकू म्हणते झारागोझा. तिकडे झेडचा उच्चार 'थ' होत असल्यामुळे त्या गावाचे लोक आपल्या गावाला थारागोथा म्हणतात. काकूचं मत असं, की कवळी काढून बोलल्यावर कुठलंही गाव तसंच ऐकू येतं. जावई गोड आहे, इंग्लिश बोलतो. खरी पंचाईत व्याह्यांची. व्याही आणि विहीणबाई दोघांनाही स्पॅनिशखेरीज काही येत नाही. काकूला मराठी, हिंदी, बुंदेली येते आणि इंग्लिश दारावरच्या सेल्समनला परत पाठवण्यापुरती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर चार वयस्क माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायची आणि शेवटी सगळ्यांच्या माना दुखायच्या.

मग ताईनं एक पुस्तक पाठवलं. त्यातल्या दोन धड्यांवर खुणेचे कागद चिकटवले होते. "आई, बाबा, हे दोनच धडे करा. तुलना कशी करायची आणि पुढचे बेत कसे सांगायचे. माझ्या सासरी याच्या पलीकडे कोणी काही बोलत नाही." काकूनं एवढंच विचारलं, "मग आपल्याकडे कुठं बोलतात?"

काकांनी एमपीईबीची जुनी डायरी काढली. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाकडे कोऱ्या डायऱ्यांचा साठा असतो आणि त्या साठ्याला तो फुंकर घालून जपतो. पहिल्या पानावर लाल शाईत 'श्री' घातला, खाली निळ्या शाईत देवनागरीत स्पॅनिश. शब्दांच्या डोक्यावर स्पॅनिश आघातचिन्हं होती ती काकांनी अनुस्वार समजून नीट गोल गोल काढली.

"पण उपयोग काय या व्याकरणाचा?" काकूनं विचारलं.

प्रश्न फार जुना आहे. आंतोनियो दे नेब्रिखा या पंडितानं १४९२ मध्ये स्पॅनिशचं पहिलं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्याचा नमुना त्यानं इसाबेल राणीला दाखवला तेव्हा तिनंही अगदी हेच विचारलं होतं. नेब्रिखानं उत्तर द्यायच्या आत आविलाचे बिशप मध्येच बोलले: महाराणी नवे मुलूख जिंकतील, तिथल्या रयतेला आपले कायदे कळायला आपली भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामी येईल. त्याच वर्षी कोलंबस निघाला. काकांनी हा इतिहास हातवारे करून सांगितला. काकू म्हणाली, "मला मुलूख नकोय. विहीणबाईंना पुरणपोळीत पुरण कसं भरतात ते सांगायचंय."

काकांनी मग घरचा दाखला काढला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या हिशेबानं आमचे प्रांतवालेच. गदर चळवळीतले क्रांतिकारक. जगभर फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. "आपल्या वर्ध्याचा माणूस स्पॅनिशमध्ये मका शिकवायचा," काका म्हणाले.

"ते खानखोजे होते," काकू म्हणाली. "तुम्हाला जन्म इथं काढून अजून बुंदेली धड येत नाही."

पुस्तक उघडायचं होतं, पण तुलनेचा धडा सुरू झाला होता.

नियम तसा सरळ आहे. 'मास' म्हणजे अधिक, 'मेनोस' म्हणजे कमी, 'के' म्हणजे पेक्षा. मास आणि के यांच्या मध्ये विशेषण बसवायचं. पण शब्दांचा क्रम बघितल्यावर काका थबकले. मराठीत आधी शेजाऱ्याचा मुलगा येतो, त्याला 'पेक्षा' लागतं, मग आपला मुलगा येतो आणि मग त्याचं काय कमी आहे ते येतं. स्पॅनिशमध्ये आधी आपला मुलगा, मग त्याचा गुण, आणि शेजाऱ्याचा मुलगा सगळ्यांत शेवटी. तोवर बोलणाऱ्याला दम लागला तर शेजारी राहूनही जातो. "या लोकांची पोरं सुखी असणार," काका म्हणाले. आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी मान खाली घातली. आमचं बालपण वाक्याच्या पहिल्या शब्दातच संपलं होतं.

विशेषणाला लिंग असतं हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. फक्त इथं गंगा उलटी वाहते. आपल्याकडे आकारान्त म्हणजे पुरुष: मोठा, काळा, शहाणा. स्पॅनिशमध्ये ओकारान्त तो बुवा आणि आकारान्त ती बाई. उंच बाप 'आल्तो', उंच आई 'आल्ता'. त्या हिशेबानं 'काका' ही बाई ठरते. तेवढ्यावर भागलं असतं, पण ताईनं फोनवर घाईघाईनं बजावलं की तिकडे बाबांना कोणी चुकूनही 'काका' म्हणून हाक मारू नये. तिकडच्या लहान मुलांच्या भाषेत काका म्हणजे शी. त्या दिवसापासून काका 'तीओ' झाले. तीओ म्हणजे काका, तीओ म्हणजेच मामा, मावशीचे यजमान आणि आत्याचेही. शिवाय स्पेनच्या रस्त्यावर कुठल्याही दोस्ताला हाक मारायची तर तीओच. रसेल चौकातल्या पानठेल्यावर 'काय बड़े' म्हणतात, त्यातलाच प्रकार. काकांना बढती मिळाली की पदावनती, हे अजून ठरलेलं नाही.

खरा खटका उडाला तो नदीवरून. अभ्यासाचं वाक्य ताईनंच दिलं होतं: नर्मदा एब्रोपेक्षा लांब आहे. वाक्य खरं आहे. नर्मदा १३१२ किलोमीटर, एब्रो साधारण ९३०. काकांनी 'मास लार्गा के' असं स्त्रीलिंगी विशेषण लिहून ताईला दाखवलं. तिनं दुरुस्त केलं, 'लार्गो'. स्पॅनिशमध्ये नद्या पुल्लिंगी असतात. नदीला शब्द आहे 'रीओ', तो पुल्लिंगी. म्हणून एब्रो तो, ताहो तो, आणि नर्मदाही तोच.

काकूनं पेन खाली ठेवलं. तिनं परिक्रमा केलेली नाही, पण ग्वारीघाटावर संध्याकाळची आरती ती चुकवत नाही आणि 'नर्मदे हर' म्हटल्याशिवाय तिची आंघोळ होत नाही. "मैयाला तो म्हणायचं?" तिनं विचारलं. मग तिनं ताईला, काकांना आणि अप्रत्यक्षपणे सगळ्या स्पेनला ती कथा ऐकवली जी इकडे प्रत्येक पोराला ठाऊक असते: नर्मदेचं लग्न शोणाशी ठरलं होतं, शोण हा नद, नदी नव्हे, तो जुहिलेवर भाळला, नर्मदा रागावली आणि पाठ फिरवून पश्चिमेला निघाली, ती आजन्म कुमारिका राहिली. "तो कोण आणि ती कोण हे समजायला त्या बिचारीनं एवढं सोसलं. आणि तुमच्या पुस्तकात सगळेच नद!"

व्याकरणाला उत्तर असतं, मैयाला नसतं. तडजोड अशी झाली, की काका लिहिताना लार्गो लिहितील आणि काकू बोलताना लार्गा बोलेल. एक गुण गेला तरी चालेल, पण पाप नको.

पुढचं पान समानतेचं होतं. 'तान' आणि 'कोमो' यांच्या मध्ये विशेषण घातलं की 'इतका' होतो: अमुक तमुकाइतका उंच. नामाची तुलना करायची तर 'तांतो, तांता, तांतोस, तांतास' यांतलं जे लिंगवचनाला जुळेल ते. नियम सोपा, पुस्तकात खाली पाच रिकाम्या ओळी: 'आपल्या घरातली उदाहरणं लिहा.'

त्या ओळी तशाच राहिल्या. 'मास' आणि 'मेनोस'ची पानं दोन्ही बाजूंनी भरून समासात गेली होती. 'इतका'साठी मात्र घरात माणूस सापडेना. काकांनी सुचवलं, "माझा भाऊ माझ्याइतका हुशार आहे." माझे वडील समोरच बसले होते, दोघांनीही ते वाक्य एकाच वेळी नाकारलं, दोघांची कारणं वेगळी. काकूला म्हटलं, "तुझी सून तुझ्याइतकी चांगली पुरणपोळी करते, असं लिही." काकूनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच पुस्तक मिटलं. कमानिया गेटची खव्याची जिलबी आणि तिकडचे चुरोस यांची बरोबरी करून बघितली, तर गावात राहणं मुश्किल होईल अशी भीती वाटली. आपल्याकडे समान कोणी नसतं असं नाही. समान माणूस दिसला की आपण दोघांमध्ये एखादा गुण वाढवतो किंवा कमी करतो आणि मगच तोंड उघडतो. पाच ओळी वाट बघत राहिल्या.

'अधिक चांगला' याला स्पॅनिशमध्ये वेगळाच शब्द आहे, 'मेखोर'. 'अधिक वाईट' म्हणजे 'पेओर'. यांना पुन्हा 'मास' जोडायचं नाही. 'मास मेखोर' म्हणणं म्हणजे 'ज्यादा बेहतर' म्हणणं. काकांना हा नियम मुळीच मान्य नाही. ज्या देशात लग्नाच्या आहेरावर 'मोस्ट बेस्ट क्वालिटी' छापलेलं असतं, तिथल्या नागरिकावर नुसतं 'मेखोर' म्हणून थांबायची सक्ती करणं हा अन्याय आहे. आकड्यांपुढे 'के' जाऊन 'दे' येतो: शंभरापेक्षा जास्त म्हणजे 'मास दे थिएन'. हे मात्र काकूनं चटकन उचललं, कारण लग्नाच्या पंगतीचा अंदाज तिनं आयुष्यभर याच भाषेत सांगितला आहे. शंभराहून जास्त, पण किती जास्त ते वाढताना कळेल.

आणि मग आला 'ईसिमो'. विशेषणाच्या शेपटाला ईसिमो लावलं की ते टोकाला पोचतं: आल्तो तो उंच, आल्तीसिमो तो उंचच उंच. गंमत अशी, की यात दुसरं कोणी लागतच नाही. कोणापेक्षा उंच, कोणाइतका उंच, काही नाही. नुसतं कौतुक, शेजाऱ्याला न दुखवता. मराठीत हे काम आपण व्यंजन दाबून करतो, 'मोठ्ठा', 'छोट्टंसं', पण ते लहान मुलांपुरतं. मोठ्या माणसाचं कौतुक करताना आपल्याला आधार म्हणून कोणीतरी खाली लागतो.

फादर स्टीफन्सलाही लागलाच होता. या इंग्लिश पाद्र्यानं गोव्यात बसून मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते छापलं गेलं, आणि त्यात मराठीचं कौतुक करताना त्यानं रत्न, मोगरा, कस्तुरी अशी रांग लावली; प्रत्येक वेळी बाकीच्या भाषा खाली बसलेल्या. तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा होता, आणि १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. म्हणजे मराठीचं ते गाजलेलं गुणगान स्पेनच्या राजाच्या राज्यात छापलं गेलं. काकांनी हे व्याह्यांना सांगायचं ठरवून डायरीत टिपून ठेवलंय. सांगायला लागणारा भूतकाळ मात्र पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आहे.

दुसरा धडा भविष्याचा. स्पॅनिश माणूस उद्याचा बेत सांगतो तो 'जाणे' या क्रियापदावर स्वार होऊन: 'बोय आ', म्हणजे मी जातो, आणि पुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं. बोय आ कोमेर, मी जेवणार आहे. 'जाणे'ची रूपं तेवढी पाठ करायची: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. काका ती सकाळी भंवरताल बागेत फेऱ्या मारताना म्हणायला लागले. याच बागेतल्या मौलश्रीच्या झाडाखाली १९५३ मध्ये आपल्याला ज्ञान झालं असं ओशो सांगत, त्यामुळे इथं कोणी डोळे अर्धे मिटून काही पुटपुटत चाललं तर जबलपूरकर वाट सोडतात. काकांचं 'बोय-बास-बा' ऐकून दोन-तीन जणांनी हा कुठल्या महाराजांचा मंत्र, अशी चौकशी केली. एक जण तर मागून 'बामोस'पर्यंत म्हणूही लागला.

काकूचा आक्षेप वेगळा होता. "घरीच बसणार आहे, हे कसं सांगायचं?"

"बोय आ केदार्मे एन कासा."

"म्हणजे घरी बसायलाही आधी जायचं?"

"हो."

"आणि जायचंच असेल तर?"

"बोय आ इर. जायला जाते."

काकूनं नकारार्थी मान हलवली. "कामवाली बाई हेच करते. येते म्हणून जाते आणि जायला जाते."

त्याखेरीज एक सरळ भविष्यकाळही आहे, क्रियापदाच्या अंगालाच चिकटणारा. बोलण्यात लोक तो बेताला कमी वापरतात. वचनाला, भाकिताला आणि अंदाजाला तो चालतो. 'सेरान लास त्रेस' म्हणजे तीन वाजतील, आणि 'तीन वाजले असतील' असंही. हे पान काकांना फार आवडलं, कारण ते मराठीतून उचलल्यासारखं आहे. आपणही माहीत नसलेली आत्ताची गोष्ट भविष्यात ढकलतो: असेल, आला असेल, झोपला असेल. स्पेनचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं असतं. ते कधी बदलतं याचा काकांना पत्ता नसतो. म्हणून दर रविवारी ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सुरुवात करतात, "सेरान लास त्रेस… ओ लास दोस." तीन वाजले असतील, किंवा दोन. हा एक काळ त्यांना बिनचूक येतो, कारण त्यात चूक होण्याची सोय आतच करून ठेवलेली आहे.

वेळेच्या बाबतीत एक स्पॅनिश शब्द जबलपूरला ओळखीचा वाटला तो 'मान्याना'. तो उद्याही आहे आणि सकाळही आहे. आमच्या इकडची हिंदी त्याच्या एक पाऊल पुढे: 'कल' हा कालही आहे आणि उद्याही. काकांच्या न्हाणीघराच्या दाराचा मिस्त्री फोनवर सांगतो, "बाबूजी, कल पक्का." तो आला नाही आणि जाब विचारला, तर म्हणतो, "हओ, कल की तो कही थी." कुठला कल, हे त्यानं कधीच सांगितलेलं नसतं. दार अजून साखळीला सुतळी बांधून लागतं. स्पॅनिशमध्ये निदान कालसाठी वेगळा शब्द आहे, 'आयेर'. मिस्त्री स्पेनमध्ये असता तर सापडला असता.

बेत सांगायच्या आणखी पायऱ्या आहेत आणि त्या मराठी माणसाच्या मनासारख्या उतरत जातात. नक्की असेल तर 'बोय आ'. थोडं कमी नक्की असेल तर 'पिएन्सो इर', शब्दशः 'जायला विचार करतो', म्हणजे आपला 'जायचा विचार आहे'. या विचारातूनच आमच्या घराण्यातल्या निम्म्या काशीयात्रा पार पडल्या. त्याहून कमी असेल तर 'सी दिओस किएरे', देवाच्या मनात असलं तर. आणि ज्या गोष्टीची वेळच आपल्या हातात नाही तिथं 'जेव्हा'च्या पुढे स्पॅनिश माणूस भविष्यकाळ वापरतच नाही, त्याच्या क्रियापदाचं रूपच डळमळीत होतं. गाडी येईल तेव्हा मी चढेन, यातलं चढणं त्याच्या लेखी भविष्य, पण गाडीचं येणं ही निव्वळ आशा. ज्यानं मदनमहाल स्टेशनच्या फलाटावर थंडीत धुक्यातल्या गाडीची वाट पाहिली आहे, त्याला हे व्याकरण दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

आणि सगळ्यांत खालची, सगळ्यांत रुंद पायरी: 'या बेरेमोस'. शब्दशः 'बघू आता'. पाहण्याचं क्रियापद, भविष्यकाळ, प्रथमपुरुषी अनेकवचन. म्हणजे एकटा बाप उत्तर देतो पण जबाबदारी घरादारावर वाटतो. मराठी 'बघू'ची ही सगळी लक्षणं त्यात आहेत. ताई म्हणाली, तिच्या सासरी सासरे हे दिवसातून दहा वेळा म्हणतात. काका एकदम सावरून बसले. इतक्या दुरून ओळखीचं कोणी भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

धडे झाले. पुढच्या रविवारी परीक्षा होती, म्हणजे कॉल. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. काकूनं डायरी मोबाइलच्या मागं उभी करून ठेवली, नजर पडेल अशी. याच नेपियर टाउनात हरिशंकर परसाई राहून गेले. रोजच्या माणसांची फजिती त्यांनी इतकी बारकाईनं लिहून ठेवली, की मोहल्ल्यात अशा प्रसंगी अजूनही खिडक्या लावून घेतात. आम्ही लावल्या.

सुरुवात झकास झाली. काकांनी वेळेचा अंदाज सांगितला. तासाभरानं चुकला, पण व्याकरण शुद्ध होतं. नर्मदा एब्रोपेक्षा लांब असल्याचं काकूनं सांगितलं, 'लार्गा' म्हणूनच सांगितलं. विहीणबाईंनी दुरुस्त केलं नाही. उलट मागच्या भिंतीवरचं त्यांच्या पिलारमातेचं चित्र दाखवून काहीतरी म्हणाल्या. एब्रोच्या काठावर तिचं मोठं देऊळ आहे. नदीकाठी राहणाऱ्या बायकांना लिंगविचार कुठं थांबवायचा ते कळतं. पुरणपोळी 'बुएनीसिमा' असते, हेही कोणाला खाली न बसवता सांगून झालं.

मग निरोपाची वेळ आली आणि काका सवयीनं बोलून गेले. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही. काकांनी दोन्ही हात जोडले आणि मनातलं 'येतो' तेवढं शुद्ध स्पॅनिशमध्ये म्हटलं, "बेंगो."

व्याही खुर्चीतून अर्धे उठले. बेंगो म्हणजे येतो, आणि तिकडे येतो म्हणजे येतो. तिकडचा माणूस जागेवरून हाकेला ओ देताना 'बोय', जातो, असं म्हणतो. निघताना 'येतो' म्हणणारा त्यांना आयुष्यात भेटलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "कुआंदो?" कधी? विहीणबाई तोवर आत बघून खोलीबद्दल काही बोलू लागल्या होत्या. जावयानं कपाळाला हात लावला. ताई हसत होती, तिचा काही उपयोग नव्हता.

काकांनी डायरीकडे पाहिलं. 'बोय आ'वरून नजर 'पिएन्सो'वर आली, तिथून 'दिओस किएरे'वर, आणि शेवटी सगळ्यांत खालच्या पायरीवर टेकली.

"या बेरेमोस," काका म्हणाले.

व्याही बसले. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि मोठ्ठं हसू आलं. ते बायकोकडे वळून भरभर काही बोलले, बायको त्यांच्यावर खेकसली. ताईनं भाषांतर केलं: "सासूबाई म्हणतात, बघा, हेही तसलेच. लग्न झाल्यापासून मी विचारतेय, भारतात जावयाला, आपलं, सुनेच्या माहेरी कधी जायचं, आणि यांचं एकच, या बेरेमोस."

काकूनं टोपण काढलं, डायरीतलं 'तान-कोमो'चं पान उघडलं आणि पाचांतली पहिली ओळ भरली. व्याह्यांना स्पॅनिशमध्ये 'कोन्सुएग्रो' म्हणतात हे तिला कुठून सापडलं कोण जाणे. आळशीसाठीचा शब्द तिनं ताईला विचारून घेतला, तोही शुद्ध स्पेनच्या 'थ'सकट. मग कॅमेऱ्यात विहीणबाईंकडे बघत तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं:

"मी कोन्सुएग्रो एस तान पेरेथोसो कोमो मी मारीदो." माझे व्याही माझ्या नवऱ्याइतकेच आळशी आहेत.

विहीणबाईंनी तिकडून टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या ओळीसाठी सुनांबद्दल काहीतरी सुचवायला सुरुवात केली. ताईनं कॉल कट केला.